तुळशीपाशी पुरलेली तार

मला शेजाऱ्याचा हेवा वाटे. उगाच का खोटं बोलू? ते आंब्याचे व्यापारी, मी रत्नागिरीतल्या शाळेत मास्तर. मी वर्षभर खटपट करून एका व्हॉल्व्हचा रेडिओ जुळवला. त्यात मुंबई लागे, पण कानाला हेडफोन लावून, एका वेळी एकालाच. ते एका मोसमात मुंबईहून कर्णा असलेला तयार संच घेऊन आले आणि सगळी आळी त्यांच्या पडवीत बसू लागली. आमची हीसुद्धा.

संच बसवायला मात्र त्यांना मीच लागलो. रेडिओची एक तार जमिनीत पुरायची असते आणि तिथे कायम ओल लागते; माती सुकली की आवाज गेला. आमच्याकडे सगळा जांभा दगड, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. माझी तार मागीलदारी पेरूपाशी होती; रोज संध्याकाळी ही तिथे कळशीभर पाणी ओती. त्यांची तार मी तुळशीवृंदावनातल्या मातीत पुरली, कारण तुळशीला रोज पाणी पडतं. हे कारण त्यांना सांगितलं नाही. तेवढं तरी माझ्यापाशी राहू दे, असं वाटलं.

वैशाखात त्यांना मुलगा झाला. आमच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. छप्पर नेहमी शेजारचंच फाटतं.

आठवड्याभरात ते दारात उभे. "मास्तर, जरा रेडिओ बघा हो. मेल्यानं तोंड मिटलंन ते मिटलंन. बाराव्या दिवशी बारसं आहे, सगळ्यांना गाणं ऐकवीन म्हणून सांगून बसलोय."

मी एक सेल आणि हेडफोन घेऊन गेलो. माझी तपासणीची हत्यारं एवढीच. सेल आणि हेडफोन एका ओळीत जोडायचे आणि मोकळी दोन टोकं एकेका भागाला लावायची. कॉइलला लावली, टक्क वाजलं. म्हणजे आतली तार शाबूत. कंडेन्सर पहिल्यांदा टक्क करून पुढे गप्प राहिला, तोही चांगला. दोन्ही व्हॉल्व्हच्या तारा वाजल्या. बॅटऱ्या ठीक होत्या. संचात काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं.

मान वर केली तर समोर वृंदावन. माती भेगाळलेली, तुळशीची पानं मिटलेली. घरात सोयर होतं. देवांची पूजा करायला बाहेरचे भटजी येऊन जात, पण अंगणातल्या तुळशीकडे कोणी पाहिलं नव्हतं. घरच्यांनी दहा दिवस तिला पाणी घालायचं नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं.

एक तांब्याभर पाणी, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "व्हॉल्व्ह गेलाय. मुंबईला पाठवावा लागेल. बारशाला काही जमत नाही."

त्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, इतकं की घरी येऊन हिला सगळं रंगवून सांगितलं, प्रत्येक भाग कसा वाजवून पाहिला तेसुद्धा. "तुळस बघितलीत का त्यांची?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "वाळलीय." ती कळशी उचलून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं. पाठोपाठ ते स्वतः पेढे घेऊन आले. "मास्तर, तुमच्या हाताला गुण आहे हो. नुसता हात लावलात तर बोलायला लागलं बघा." मी पेढा तोंडात घातला.

ते गेल्यावर ही म्हणाली, "तुळशीला पाणी मी घातलं. कालही आणि आजही."

मी पेढे आत ठेवायला उठलो.

"तार ओली लागते हे तुम्हीच मला शिकवलंत," ती म्हणाली. "त्यांना नाही सांगितलंत."

मग ती पदर सावरून शेजारी गाणं ऐकायला गेली. कळशी मोरीपाशी रिकामी होती. त्या दिवशी पेरूपाशी पाणी मीच ओतलं, हेडफोन कानाला लावला, आणि तेच गाणं एकट्यानं ऐकलं.