कुलूप लावून लिहिलेला लेख

मंडळी, आज माझा लेख चारच्या एसटीने, कंडक्टरच्या हाती, धुळ्याला गेला. हुश्श! संपादकांनी बजावलं होतं, "या वेळी चुकलात तर सदर बंद."

आमच्या जळगावात दुपारी दार उघडं दिसलं की माणूस चहाला आत येतोच. म्हणून आज बायकोला म्हटलं, "बाहेरून कुलूप लाव आणि बहिणीकडे जाऊन ये." ती म्हणाली, "इतक्या वर्षांत हे पहिलं कामाचं बोललात."

दोन ओळी लिहिल्या नाहीत तोच दारापुढच्या ओट्यावर शेजारच्या नानांचा खोकला. माझा सगळ्यात जास्त वेळ खाणारा माणूस! कुलूप पाहूनही ते परतले नाहीत, वाट पाहत बसले. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

पण येईल त्याला नाना सांगत होते, "भाऊ घर नही शे. मी बी वाटच देखी ऱ्हायनू." सगळे परत गेले. लेख पुरा झाला.

बायकोनं कुलूप उघडलं आणि मी कागदांसकट सापडलो. नाना हसले. "पहिले सांगनं व्हतं ना, भाऊ! कुलूपबिगर बी कोन्हाले मझार, घरमा, जाऊ दिधं नसतं."

तुमचा वेळ खाणाऱ्यालाच तुम्ही कधी राखणीला बसवून पाहिलंय का?