हलकी बंदूक

बंदूक बनवणाऱ्याच्या दुकानात माझे सासरे, तात्या, नव्या बंदुकीचा अर्धवट दस्ता खांद्याला लावून बघत होते. रानडुकरांपासून भात राखायला त्यांच्याकडे परवाना आहे, पण खांद्याच्या ऑपरेशननंतर जुनी बंदूक उचलवत नाही.

"अजून तासून हलका कर," तात्या म्हणाले.

"जितकी हलकी, तितका धक्का जास्त. मग काडतूस लहान घ्या," कारागीर म्हणाला.

"लहान काडतुसाला डुक्कर हसेल!"

घरातलीही त्यांची कामं आम्ही अशीच एकेक करून हलकी केली. त्याचा त्यांना धक्का किती बसला, ते कुणी विचारलं नाही.

"राहू दे जड," मी म्हटलं. "शेतातल्या राखणीच्या माचापर्यंत मी उचलून आणीन. तिथे कठड्यावर टेकवून मारा."

तात्यांनी दस्ता खाली ठेवला.

"काडतूस मात्र मोठंच," ते कारागिराला म्हणाले.