उताराला पुढं राहणारा माणूस

डोंगरावरच्या दिग्गी गावचा तो म्हातारा रामनगरच्या बाजारात दिसला, की हल्ली मी झेरॉक्सच्या मशीनमागं वाकून उगाच काहीतरी शोधायला लागतो.

तो चपला बाहेर काढतो. स्टूल दिलं तरी दाराशीच उकिडवा बसतो. एखाद्या माणसाबद्दल विचारलं, की आधी डोंगराकडं बघतो, मग बोलतो.

यंदा पक्षानं तिकिटासाठी सदस्यांचं मत मागवलं. इच्छुक दोघं होते, एक कंत्राटदार आणि एक शेतकरी. फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडं होतं.

"कंत्राटदार ग्वाड बोलतोय, व्हय," म्हातारा म्हणाला. "पर सुनंला घोंगड्याच्या झोळीतनं खाली दवाखान्यात आणताना त्यो फोनवरनं धीर देत हुता. ह्यो दुसरा सवता झोळीच्या बांबूखाली शिरला. उताराला उंच माणसानं फुडं ऱ्हायाचं, म्हंजी झोळी कलत न्हाई, ह्ये बी त्याला सांगाय लागलं न्हाई. ह्याचंच नाव लिवा, अण्णा."

मी कंत्राटदाराचं लिहिलं. माझ्या दुकानाचा गाळा त्याचा आहे.

म्हाताऱ्यानं काही न विचारता अंगठा उठवला आणि शाई केसांना पुसली.

तिकीट कंत्राटदारालाच मिळालं. पुढच्या बाजाराला म्हातारा आला. माझं तोंड उतरलेलं बघून त्यानं पिशवीतले कंद काउंटरवर ठेवले.

"वाईट वाटून घिऊ नगा, अण्णा. तुमी बराबरच लिवलंय. माझं एकल्याचं मत कमी पडलं."

मी कंद ठेवून घेतले.