तांदळावरचा पतंग

"दाबू नका, सायेब. त्यो आपल्या आपन चढतो," असं म्हणत मावशी काचेची नळी पतंगावर अलगद ठेवत. पतंग वर चढे. मी धरायला गेलो की बोटांवर नुसती राखाडी भुकटी उरे.

श्रीगोंद्याजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत हे पतंग आम्ही मुद्दाम पाळतो. उसातल्या खोडकिड्याचा नाश करणाऱ्या बारीक माश्या त्यांच्या अंड्यांवर वाढतात. मी कीटकशास्त्राचा पदवीधर, तिथला साहेब. मावशी पाथर्डीकडच्या, ऊस तोडून तोडून कंबर गेली, तेव्हा इथे लागलेल्या.

शेतकरी बघायला आले की मी तोऱ्यात सांगे, "तांदळावरचा पतंग. रंग राखाडी, लांबी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, प्रसार जवळपास जगभर."

"आन् आपल्या पिठाच्या डब्यात," मावशी मागून म्हणत. तुम्हीही तो तिथेच पाहिला असेल. शेतकरी तेवढंच लक्षात ठेवून जात.

एका संध्याकाळी मला डास चावले. मी खोलीभर डासांचा फवारा मारला आणि निवांत घरी गेलो. डासाला मारणारं औषध पतंगालाही मारतं, हे न सुचण्यासाठी बहुधा माझ्याएवढं शिकावं लागतं. सकाळी सगळ्या पेट्यांत पतंग उताणे पडलेले.

मोठे साहेब आले. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "फवारा म्या मारला. डास लई हुते."

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

बाहेर पडताना त्या मला हळूच म्हणाल्या, "तुमची नोकरी नवी हाय." त्यांना आता पुन्हा कोयता धरावा लागणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

खरं सांगायला मला आठ दिवस लागले. मोठ्या साहेबांनी माझी खरडपट्टी काढली आणि मावशींना परत घेऊन यायला मलाच पाठवलं. त्यांच्या गावच्या घराला कुलूप होतं. ऊसतोडीची टोळी आदल्याच दिवशी निघून गेली होती.

"काय निरोप द्यायचा?" शेजारणीने विचारलं.

"म्हणावं, फवारा मी मारला होता, ते मी साहेबांना सांगितलंय."

"कसला फवारा?" ती म्हणाली. "ती तर म्हनली, सायेबाला आता समदं यायला लागलंय, माजं तिथं काम ऱ्हायलं न्हाई."