दुरास्नोचा भाग

एल्बियाबाई कशा होत्या, असं कुणी विचारलं असतं तर एवारिस्तो गप्पच बसला असता. दोन्ही घरांच्या मधे फक्त एक कुंपण होतं. तरी त्यांचा वाढदिवस कधी येतो, त्यांनी लग्न का केलं नाही, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही. त्याला माहीत होती ती त्यांची डावी बाजू, कारण टीव्हीसमोर त्याची खुर्ची त्यांच्या डावीकडे असे.

दिवसा त्या दुरास्नो गावाच्या बस स्थानकावर पार्सलच्या खिडकीत बसत. एवारिस्तो पाणीखात्यातून निवृत्त झालेला. सकाळी पेपर घ्यायला म्हणून तो स्थानकावर जाई आणि खिडकीशेजारच्या बाकावर बसून राही. राजधानीत, माँतेविदेओला, शिकायला गेलेल्या पोरांच्या आया सकाळच्या गाडीने डबे पाठवत. त्यांची रांग लागे.

"एल्बिया, यावर काही ठेवू नकोस गं. तळलेल्या मिलानेसा आहेत, वरचं कुरकुरीत आवरण सुटून मांस उघडं पडेल."

"पोरगा बावीस वर्षांचा झाला ना तुझा? तिकडे तवा मिळत नाही का?"

"तवा मिळतो. त्याला हात नाहीत."

"हात आहेत की! मागच्या महिन्यात त्याच हातांनी मळके कपडे बांधून पाठवले होते. मीच उतरवून घेतलं ते पोतं. कुणाचं आहे ते नाव न वाचताच कळलं."

रांग हसे. बाई न हसता शिक्का मारत. पार्सल माँतेविदेओच्या स्थानकावर उतरे आणि ज्याचं त्याने येऊन घेऊन जायचं, असा कंपनीचा नियम होता. आईचा डबा कोण सोडतो? त्यामुळे पार्सल पाठवलं की पोचलंच, असं दुरास्नोत सगळे धरून चालत. बाईही.

संध्याकाळी त्या खिडकी बंद करून घरी येत, केस विंचरत, कडू येर्बाच्या चहासाठी गरम पाणी थर्मासमध्ये भरत. एवारिस्तो कुंपणाच्या फटीतून आत येई. मग जुने कार्यक्रम लागत. काळेपांढरे, खरखरणारे. त्यांतला एक 'तुमच्या गावाची पाळी' नावाचा. दोन गावांची माणसं समोरासमोर येत, प्रश्नांची उत्तरं देत, डोक्यावर पाण्याचे घडे घेऊन पळत, आपटत. चॅनेल तेच भाग फिरवून फिरवून दाखवी.

"सोळा!" बाई ओरडत.

"अहो, निवेदकाने प्रश्न तरी पुरा करू द्या."

"सोळाच आहे."

"असणारच. हा भाग मार्चमध्ये पाहिला आपण."

"तुम्हीही पाहिलात ना? मग बोलला का नाहीत? द्या ते बिस्किट इकडे."

येर्बाचा पेला भरून त्या त्याच्या हातात देत, तो नळीने ओढून परत देई, त्या पुन्हा भरत. नजर मात्र पडद्यावरून हलत नसे. त्या कशाची वाट बघतात ते एवारिस्तोला ठाऊक होतं. त्यांच्याबद्दलची तेवढी एकच मोठी गोष्ट त्याला ठाऊक होती.

त्या कार्यक्रमात एकदा दुरास्नोही गेलं होतं. गावाने एक बस भरून माणसं नेली होती आणि त्यात बाईंचा धाकटा भाऊ वॉल्टर होता. डोळे बांधून मेंढी कातरायची, असा खेळ. मेंढीने वॉल्टरलाच स्टुडिओभर फरफटत नेलं. शेवटी तो जमिनीवर बसला आणि हसत सुटला. इतका, की निवेदकाला पुढचं बोलता येईना. दुरास्नो हरलं. त्याच हिवाळ्यात वॉल्टर कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथल्या कारखान्यात एका अपघातात मेला. पुरलाही तिकडेच. घरात त्याचा पासपोर्टपुरता काढलेला एक फोटो होता, ओठ घट्ट मिटलेला.

"त्याचं हसणं दिसतं मला," बाई एकदा म्हणाल्या होत्या. "खांदे हलतात, डोळे बारीक होतात, सगळं दिसतं. पण आवाज येत नाही. आवाज गेलाय हो माझ्याकडून. एकदा ऐकला की पुरे."

गावामागून गाव येई. साल्तो येई, मिनास येई, तेच साल्तो पुन्हा येई. दुरास्नो येत नव्हतं.

शेवटी बाईंनी ठरवलं, चॅनेललाच मागायचं. त्यांनी खोका काढला. त्यात कागदात गुंडाळलेलं घरचं चीज, मेंब्रिल्यो फळाची जाड वडी, दोन बरण्या जॅम आणि वर एक चिठ्ठी.

"नुसती चिठ्ठी पाठवा टपालाने," एवारिस्तो म्हणाला.

"मागणं मागायचं आणि रिकाम्या हाताने? काय म्हणतील, दुरास्नोत माणसं राहतात की गुरं?"

"पण ते घ्यायला येतील का स्थानकावर?"

"चीज आहे म्हटल्यावर? धावत येतील."

त्यांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारला, चॅनेलचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिला आणि खोका ड्रायव्हर रुबेनच्या पायाशी ठेवायला लावला, उन्हात नको म्हणून. त्या आठवड्यात त्या टीव्हीसमोर जरा पुढे सरकून बसत.

महिन्याभराने खोका परत आला. एवारिस्तो बाकावरच होता. रुबेनने तो हात लांब धरून उतरवला.

"एल्बियाबाई, कुणी आलंच नाही घ्यायला. तिथल्या माणसाने दोनदा फोन केला म्हणे. फोनवरची पोरगी म्हणाली, आम्ही काही मागवलेलं नाही." त्याने खोका खिडकीत टेकवला. "वास येतोय हो."

मागे दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. बाईंनी नियमाप्रमाणे 'परत' असा शिक्का मारला, पाठवणाऱ्याची सही हवी तिथे सही केली आणि खोका खुर्चीखाली सरकवला.

"हं, पुढे या," त्या म्हणाल्या. "काय आहे? काचेचं नाही ना?"

तो वास दिवसभर खिडकीतून येत होता. कुणी थट्टा केली नाही.

एवारिस्तोला फोनवर बोलायची भीती वाटे. तरी दुसऱ्या दिवशी त्याने घरचं दार लावून घेतलं आणि चॅनेलला फोन केला. बऱ्याच जणांकडून फिरत फिरत तो एका मुलीपर्यंत पोचला. मुलगी चांगली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, उठून जाऊन कुणाला तरी विचारून आली.

"आजोबा, तेव्हा टेपा महाग होत्या. कार्यक्रम झाला की त्याच टेपेवर फुटबॉलची मॅच घ्यायचे. जे पुसायचं राहिलं ते आम्ही दाखवतोच. दुरास्नो त्यात नाही."

"कुठे एखादा तुकडा?"

"नाही हो, आजोबा."

त्या संध्याकाळी तो कुंपणाशी बराच वेळ उभा राहिला. न सांगितलं तर त्या रोज केस विंचरून बसणार. सांगितलं तर मग कशासाठी बसणार? तो आत गेला, पेला हातात घेतला. एक फेरी झाली, दुसरी झाली. जाहिराती लागल्या तेव्हा त्याने पडद्याकडे बघतच सांगून टाकलं. सांगताना 'टेप' शब्दाशी दोनदा अडखळला.

साबणाची जाहिरात संपली. मग बाईंनी विचारलं, "कुठली मॅच?"

"काय?"

"त्याच्यावर मॅच घेतली ना? कुठली?"

"ते... ते मी विचारलं नाही."

"विचारायचं होतंत." त्यांनी पेला भरला, पण त्याला द्यायला विसरून स्वतःच धरून ठेवला. "वॉल्टरला फुटबॉल आवडत नसे."

त्यांच्या हातावर हात ठेवावा असं एवारिस्तोच्या मनात आलं, पण तसं कधी केलं नव्हतं. कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. एक बाई डोक्यावर घडा घेऊन पळत होती.

नंतरही तो रोज जात राहिला आणि त्याही रोज टीव्ही लावत राहिल्या. उत्तरं मात्र त्या आता ओरडून देत नसत. निवेदकाने विचारलं की एवारिस्तो मुद्दाम चुकीचं काहीतरी बोले. त्या मान हलवत, दुरुस्त करत नसत. बिस्किटं ताटलीत तशीच राहत. एकदा तो म्हणाला, "दुसरं काही लावू या का?" त्या म्हणाल्या, "दुसरं काय लावणार?" आणि ते खरंच होतं.

वसंताच्या सुरुवातीला एका सकाळी पार्सलची खिडकी उघडली नाही. रांगेतल्या बायका आधी चिडल्या, मग एकीने एवारिस्तोकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच बाईंचं हृदय थांबलं. ऑस्ट्रेलियाला कुणाला कळवायचं आहे का, असंही कुणीतरी त्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी तो निघाला तेव्हा त्या थर्मास रिकामा करत होत्या.

"उद्या रोचा गावाची पाळी आहे," त्या म्हणाल्या.

"हरतं ते."

"माहीत आहे मला. तरी या."

"येतो."