नोटिशीचा महिना

७ जानेवारी १९७९, रविवार. रक्कम रुपये अकरा हजार. जागा मानवतला माझ्या घराची ओसरी. हजर: मुंबईच्या एजंटाचा माणूस, बोरीचे चार गवंडी, माझा मेव्हणा सुदाम आणि मी. सुदामची आणि माझी ती शेवटची भेट. सहा आठवड्यांनी कावीळ होऊन तो गेला. बोरीहून माणूस निरोप घेऊन आला तेव्हा मी अडत दुकानात वही लिहीत होतो. मुनिमी करत वीस वर्षं झाली होती, पण त्या दिवशी पान पुरं झालं नाही...

सुदाम निजामाच्या अमलात चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकला. पुढे बापाबरोबर थापी धरली. छप्पन साली आम्ही सगळ्यांनी धम्म स्वीकारला, तेव्हा गावच्या विहाराची पहिली भिंत त्यानेच उचलली. शहात्तरच्या अखेरीस तो चार गवंडी बरोबर घेऊन आखातात गेला. करार दोन वर्षांचा, पगार आपल्या हिशेबाने महिना अकराशे. अकराव्या महिन्यात कंपनीने काम आवरलं आणि पाचही जणांना घरी जायला सांगितलं. करारात लिहिलं होतं की मुदतीआधी कंपनीने काढलं, तर परतीचं तिकीट, थकलेला पगार आणि नोटिशीबद्दल एक महिन्याचा पगार द्यायचा. दीड महिन्याचा पगार थकला होता. म्हणजे माणशी दोन हजार सातशे पन्नास.

कचेरीत अरबीत लिहिलेला कागद पुढे आला, शाईचं पॅड उघडलं गेलं. सुदामला अरबी येत नव्हती. पण आकडे त्याच्या उर्दू शाळेतलेच होते. प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम भरलेली आणि हात मात्र रिकामे, हे त्याने पाहिलं. अंगठा टेकवायला निघालेल्या कोंडिबाचं मनगट त्याने धरलं. "थांब. ह्या कागदात आपल्याला पैसे पोचलेत." पाचांपैकी कुणीच अंगठा दिला नाही. आठ दिवस पासपोर्ट अडवून ठेवले, जेवण एक वेळचं केलं. नवव्या दिवशी नुसती तिकिटं हातात ठेवून विमानात बसवलं.

परत आल्यावर मी त्याला रागावलो होतो, हे इथे लिहायला हवं. त्याच कंपनीतले दुसरे मजूर अंगठा देऊन आठ दिवस आधी घरी पोचले होते. मी म्हणालो, "तुला काय मिळालं? उपासच ना?"

"दाजी, अंगठा दिला असता तर आज भांडायला तोंड राह्यलं असतं का?"

करारावर मुंबईच्या एजंटाचा शिक्का आणि हमी होती. तिला धरून वर्षभर मी अर्ज लिहिले आणि सुदाम दर वेळी बोरीहून येऊन ते वाचून घेत राहिला. सरकारी कचेरीतून एजंटाला दोनदा बोलावणं गेलं, तेव्हा कुठे तो नमला. पण त्या रविवारी त्याच्या माणसाने तेरा हजार सातशे पन्नासच्या जागी अकरा हजारच आणले. बाकी महिनाभरात, म्हणाला. मी पाचाने भागून बावीसशेचा वाटा काढला. सुदाम भिंतीला टेकून बसला होता. डोळे पिवळे दिसत होते.

"चौघांचे पुरे पुरे द्या, दाजी. माझं मागून."

कोंडिबा म्हणाला, "लय मोठा सावकार लागून गेलास का रं?"

"सावकार न्हाई. वाढपी हाय. वाढपी पंगतीत बसल्यालं पाह्यलंय का कुठं? तुमाला मीच नेलतं तिकडं."

सगळे हसले. मीही हसलो आणि चार नावांपुढे पुरी रक्कम लिहिली. बावीसशे त्या दिवशी त्याच्या हातात पडले असते, तर तो परभणीला मोठ्या डॉक्टरकडे गेला असता की नाही, मला सांगता येत नाही. पण मी आग्रह धरला नाही, एवढं खरं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला तरी बाकी आली नव्हती, म्हणून सुदामची बायको गयाबाई, ते चौघे आणि मी मुंबईला एजंटाच्या कचेरीत गेलो. चौघांनी आपापली मजुरी बुडवली आणि भाडं स्वतःचं घातलं. एजंटाने सोळाशे पन्नास मोजून टेबलावर ठेवले.

मी म्हणालो, "अकराशे कमी आहेत. नोटिशीचा महिना राहिला."

"मुनीमजी, मेलेल्या माणसाला नोटीस कसली?"

गयाबाई दाराशी उभी होती. ती पुढे आली. पदर सावरून म्हणाली, "त्ये मेले मागून, साहेब. तुमी काढलं आधी."

कोंडिबा खाली बसला, मग उरलेले तिघेही फरशीवर बसले. उठा म्हटलं तरी उठले नाहीत. तासाभराने एजंटाने खण उघडला.

रुपये दोन हजार सातशे पन्नास, पुरे. घेणार गयाबाई सुदाम, राहणार बोरी. तिने दोनदा मोजायला लावले, आणि मगच अंगठा दिला.