गेटासमोरची गाडी

कराडजवळच्या एका क्रीडासंकुलात मी सुरक्षारक्षक आहे. पार्किंग माझ्याकडे. नवरा फौजेत, लांबच्या पोस्टिंगला. गावात शेजारच्या घरात थोरले दीर. त्यांची आणि आमची विहीर एकच.

मुलींच्या खो-खोच्या स्पर्धा होत्या त्या दिवशी दीर पाहुणे म्हणून आले. पांढरी गाडी त्यांनी सरळ रुग्णवाहिकेच्या गेटासमोर आडवी लावली. मी शिट्टी मारली, धावत गेले.

"भावजी, हितं लावू नका. मागं मोकळं मैदान हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सोबतच्या माणसांना म्हणाले, "आमच्या घरातलीच हाय." सगळे हसले आणि आत गेले.

मी लाउडस्पीकरवरून गाडीचा नंबर पुकारायला लावला. पुन्हा पुकारायला लावला. ते स्टेजवर सोफ्यात बसून होते, गळ्यात हार, हातात चहा. उठले नाहीत. मग मी रुग्णवाहिकेसाठी मैदानाकडचं मागचं फाटक उघडून ठेवलं, जॅमर आणला आणि गाडीच्या पुढच्या चाकाला कुलूप घातलं. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं होतं.

बक्षीस समारंभ झाल्यावर ते बाहेर आले. चाक बघितलं आणि लाथ घातली. लागलं त्यांनाच.

"घरातली बाई घरच्या गाडीला कुलूप लावती? काढ ते!"

"दंडाची पावती करा, लगेच काढते."

"मला पावती? तुला भाकरी कुणाच्या जिवावर मिळती गं?"

"माझ्या," मी म्हणाले.

भोवती गर्दी जमली. आमचे साहेब आले. "जाऊ द्या हो मॅडम, पाहुणे आहेत," म्हणाले. मी किल्ली मुठीत आवळून धरली आणि म्हणाले, "तुम्ही लेखी द्या, मी काढते." साहेब ऑफिसात निघून गेले.

दिरांनी तिथूनच माझ्या नवऱ्याला फोन लावला, सगळं सांगितलं आणि मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला.

"काढ की गं. कशाला वाढवतीस?" नवरा म्हणाला.

"तुमच्या कॅम्पाच्या गेटात कुनी अशी गाडी लावली तर तुमी काय करता?"

"भाऊ हाय तो माझा."

"व्हय. पन गेट माझं हाय."

त्यानं फोन ठेवला. दीर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून गेले. संध्याकाळी त्यांच्या ड्रायव्हरनं पावती केली, मी कुलूप काढलं.

त्या दिवशी रुग्णवाहिका लागलीच नाही. गावात हेच माझ्या तोंडावर फेकलं गेलं. "मेलं का कुनी? मग कशाला येवढा ताठा?" जाऊबाई तर दारातून मोठ्यानं म्हणाल्या, "अंगात वर्दी आली की मानसाला घर दिसत न्हाई."

पुढच्याच आठवड्यात आमची पाण्याची पाळी आली तेव्हा विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीला कुलूप होतं. ऊस सुकत होता. मी विचारायला गेले, तर दीर पेपर वाचत म्हणाले, "पावती कर, काढतो."

सासूबाई त्यांच्याकडेच राहतात; चुलीपुढे बसून ऐकत होत्या.

नवरा सुट्टीवर आला. आधी भावाच्या घरी गेला, तिथंच जेवला. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. काय बोलणं झालं, कुणी कुणाची माफी मागितली, त्यानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या सुट्टीत आम्ही एका घरात राहिलो, एवढंच.

"नोकरी सोड," तो जाताना म्हणाला.

"न्हाई."

एस.टी. येईपर्यंत दोघंही रस्त्याकडे बघत उभे होतो.

दीर अजून संकुलात येतात. गाडी बाहेर रस्त्यावर लावतात, उन्हातून चालत येतात, माझ्यासमोरून जाताना बाजूला थुंकतात. मी नमस्कार करत नाही. पुढच्या गाडीला हात दाखवते.